गॅलरीपर्यंत गेलेला टोमॅटो

माझ्या सासऱ्यांचं मणक्याचं ऑपरेशन सोलापुरात झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून दिल्या. वाकायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही. वजन उचलायचं नाही. नवरा औषधं आणायला गेला होता म्हणून तो कागद माझ्या हातात आला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. सासरे कमरेला पट्टा बांधून कॉटवर ताठ बसले होते. सगळं ऐकून ते समोरच्या भिंतीला म्हणाले, "मग करायचं काय?"

भिंतीला म्हणाले, हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत ते माझ्याशी थेट असे जवळजवळ बोललेच नव्हते. राग नव्हता, वाईटपणा तर नव्हताच. माळशिरसकडच्या आमच्या गावात सासरा आणि सून यांच्यात तसंच चालतं. चहा हवा असला की ते दाराकडे बघून विचारायचे, "चहा झाला का न्हाय अजून?" मी काही न बोलता कप नेऊन ठेवायचे. दिवाळीत आठ दिवस आणि उन्हाळ्यात आठ दिवस गावी जायचं, डोक्यावर पदर घेऊन वावरायचं आणि परत यायचं, एवढीच आमची ओळख.

आता ते सोलापुरात आमच्याकडे राहायला आले, कारण गावाकडच्या घरात कमोड नव्हता आणि खाली बसायला त्यांना मनाई होती. सासूबाई थोरल्या दिरांपाशी गावीच राहिल्या. त्यांच्या दोन म्हशी दुसऱ्या कुणाला धार काढू देत नसत. माझा नवरा औषध कंपनीत आहे. सोमवारी सकाळी बॅग घेऊन निघतो तो शुक्रवारी संध्याकाळी उगवतो. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस घरात आम्ही दोघंच, तेही एकमेकांशी न बोलणारे.

पहिले पंधरा दिवस मला फार जड गेले. मी एका शाळेत क्लार्क आहे. सकाळी त्यांचा डबा झाकून ठेवून जायची, संध्याकाळी परत यायची. आले की ते दारात उभे. बसून कंटाळायचे म्हणून उभे राहायचे, आणि उभं राहून बघायला समोर काय, तर रस्ता आणि शेजारच्या घराची पाण्याची टाकी. सकाळी पाचला उठून शेतात जाणारा माणूस. त्यांचे हात नुसते लोंबकळत असायचे. ते हात बघून मला वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर घरमालक, विणकाम करणारं तेलुगू कुटुंब. जिन्याच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत, हातभर रुंदीची मातीची एक पट्टी आहे. तिथे एक तुळस होती आणि बाथरूमच्या फुटक्या फरश्या पडलेल्या होत्या. एके दिवशी मी शाळेतून आले तर सासरे त्या पट्टीत उभे राहून काठीच्या टोकाने माती टोकरत होते.

"माती बरी हाय की," ते कंपाउंडच्या भिंतीला म्हणाले. मग थोडं थांबून, "कुणी उकरून दिली तर कायतरी लावता येईल."

"मी देते उकरून," मी म्हणाले.

ते दचकलेच. भिंतीने उत्तर द्यावं तसं त्यांना झालं असणार.

त्या रविवारी नवरा रोपं आणायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला बजावून सांगितलं, "पसरणारी आणू नगंस. भुईवर पसरली तर मला हातसुदिक लावता येणार न्हाय. उभी वाढणारी आण. टंबाटं माझ्यापशी वर आलं पायजे, मी खाली जाणार न्हाय."

नर्सरीवाल्याने सहा रोपं दिली. ही शेडमध्ये लावतात, कितीही उंच जातात, पण दोरीवर चढवावी लागतात, असं त्याने सांगितलं. गणपती नुकतेच उठले होते. मी फरश्या काढल्या, माती उकरली, शेणखत मिसळलं. सासरे माझ्या डोक्याशी काठी टेकून उभे आणि मी उकिडवी बसलेली.

"खोल. आणखी खोल," ते म्हणत होते. "खालची पानं काढून टाकायची. निम्मा देठ मातीत गेला पायजे. पुरलेल्या देठाला मुळ्या फुटत्यात."

मी साडीत होते. सासरे घरात म्हणून पंधरा दिवस मी साडीच नेसत होते. पदर दोनदा चिखलात पडला, निऱ्या भिजल्या. ते बघून सासरे जिन्याच्या कठड्याला म्हणाले, "शाळेत जाताना ड्रेस घालत्यात की. त्योच घातला तर काय बिगडतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी घरात ड्रेस घालायला लागले. त्याबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मी एका बादलीत साठवायचे आणि तांब्याने एकेका रोपाला घालायचे. सहातली दोन रोपं पहिल्याच आठवड्यात गेली. एक मुंग्यांनी खाल्लं, एक कशाने गेलं ते कळलं नाही. उरलेली चार धरली. महिनाभरात गुडघ्याएवढी झाली आणि झुकायला लागली. घरात सुतळी होती, तिने मी ती बांधली. तेवढ्यात वरून सासऱ्यांना हाक आली.

"अण्णा! ओ अण्णा! तो सुतळी काढ. झाडाला लागते."

वरच्या गॅलरीत घरमालकांची आई बसली होती. सगळा शेजार त्यांना अम्मा म्हणतो. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि आमचा जिना लोखंडी, उभा. वर्ष होऊन गेलं होतं, त्या खाली उतरल्या नव्हत्या. दिवसभर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खालचं बघायच्या. म्हणजे आमचं उकरणं, लावणं, मरणं-जगणं सगळं त्यांनी वरून पाहिलेलं होतं. आम्हालाच पत्ता नव्हता.

"थांब, देते," त्या म्हणाल्या आणि वरून सुताचा एक भलामोठा गुंडा खाली आला तो नेमका माझ्या पाण्याच्या बादलीत. अम्मा खळखळून हसल्या. सासरेही हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

त्यांच्या मुलाच्या मागावरचं ते जाडं सुती सूत होतं. मऊ आणि तरी चिवट. अम्मा लहानपणापासून मागावर तुटलेले धागे जोडायचं काम करत आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, सूत खालून वर न्यायचं नाही, वरून खाली सोडायचं. मग त्यांनी गॅलरीच्या गजांना चार धागे स्वतःच्या हाताने बांधले आणि खाली सोडले. मी प्रत्येक रोपाच्या बुडाशी सैल फास घालून ते अडकवले. वाऱ्यावर ते चार पांढरे धागे हलायचे. सासरे मान वर करून बघत म्हणाले, "लई लांब हाय की वो अम्मा. एवढं कुटं जाणाराय ते?"

"जाणार," अम्मा म्हणाल्या. "मी हाक मारते ना रोज."

मग आमचा रोजचा क्रम लागला. सकाळी सातला चहा झाला की आम्ही दोघं बाहेर. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जी कोवळी फूट येते ती काढून टाकायची, म्हणजे झाड रुंद न होता उंच जातं. सासरे तिला बगलफूट म्हणायचे. बोटाच्या चिमटीत धरायची, बाजूला वाकवायची, टक्‌कन निघते. कमरेच्या खालची सगळी मी काढायची, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. कमरेपासून वर त्यांची हद्द. खोड सुताभोवती वळवायचं कामही तसंच वाटलेलं. पानं उलटून मागे पांढरी माशी बसली नाही ना, हेही ते मला रोज बघायला लावायचे. बोटं हिरवी-काळी व्हायची, शाळेत हजेरीपुस्तकावर डाग पडायचे, तो उग्र वास दिवसभर हाताला राहायचा. मला तो आवडायला लागला.

बोलणं अजून भिंतीमार्फतच चालू होतं, पण जरा वाढलं होतं.

दिवाळीच्या आधीची एक सकाळ. शाळेत तपासणी होती, मला लवकर जायचं होतं. सासरे आत दाढी करत होते. मी घाईघाईत एकटीच फुटी काढायला लागले. सगळ्यात उंच झालेलं झाड माझ्या छातीपर्यंत आलं होतं. मी एक फूट चिमटीत धरली, मोडली आणि हातात आल्यावर मला कळलं, ती बगलफूट नव्हती. तो झाडाचा शेंडा होता.

 शेंडा मोडला की झाड तिथंच थांबतं, एवढं मला आता कळत होतं. मी तो मुठीत लपवला, आत जाऊन ओट्यावरच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर केळ्याची साल झाकली आणि शाळेत निघून गेले. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि चोरी केल्यासारखी दिवसभर बसून होते. तपासणीला आलेल्या बाईंनी दोनदा काय विचारलं ते मला ऐकूच गेलं नाही.

संध्याकाळी घरी आले. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचा पेला होता. पेल्यात पाणी, आणि पाण्यात तो शेंडा उभा करून ठेवलेला.

सासरे बाहेर दारात होते. मी पर्स खांद्यावर तशीच घेऊन त्यांच्यासमोर गेले.

"मामा, माझ्या हातून मोडला. घाईत होते. आणि तुम्हाला न सांगता गेले."

"व्हय," ते म्हणाले. "सकाळीच बगितलं."

 मला वाटलं, आता ते टाकीकडे बघून काहीतरी म्हणतील. पण ते माझ्याकडे बघत होते.

"मी तुझ्या निम्म्या वयाचा होतो," ते म्हणाले, "तवा मळ्यात बैल मोकळा सुटला माझ्या हातनं. कोवळा ऊस खाल्ला, तुडवला. बा मला शिवी द्यील, मारंल, असं वाटलं. त्यो कायच बोलला न्हाय. तीन दिवस माझ्यासंगं बोललाच न्हाय. जेवायला बसलो की ताटाकडं बघायचा. मारलं असतं तर इसरलो असतो. ते न बोललेलं अजून लागतंय बघ मला." काठी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "म्हनून बोलतोय तुझ्यासंगं. घाबरू नगंस."

 माझे डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं आणि लगेच काठी उचलून झाडाकडे चालायला लागले.

"हिकडं ये. ही बग," त्यांनी मोडल्या जागेच्या खालची एक बारीकशी फूट दाखवली. "ही तू सकाळी काढली न्हाईस, बरं झालं. ही ठिवायची. आता हाच शेंडा."

वरून अम्मा म्हणाल्या, "मी बघितले तुला मोडताना. मी काय सांगितले नाही हां अण्णाला." तिघंही हसलो. मी जास्त हसले, कारण रडू थांबवायचं होतं.

ती फूट आठ दिवसांत सरळ झाली आणि पंधरा दिवसांत कुणाला सांगून खरं वाटणार नाही इतक्या वेगाने सुतावर चढायला लागली. पेल्यातल्या शेंड्याला पांढऱ्या मुळ्या फुटल्या, तो आम्ही एका फुटक्या बादलीत लावला. त्या दिवसानंतर सासरे माझ्याशी बोलायचे ते माझ्याशीच बोलायचे. मी कुठल्या गावची, माझे वडील काय करायचे, हे त्यांनी मला बावीस वर्षांनी विचारलं. माझे वडील जेऊरच्या स्टेशनजवळ शेती करायचे हे त्यांना लग्न ठरवतानापासून ठाऊक होतं, तरी विचारलं, आणि मी सांगत असताना मन लावून ऐकलं. मीही विचारायला लागले. तुम्हाला पोहायला येतं का, सासूबाईंना पहिल्यांदा कुठे बघितलं, शाळा का सोडली. कधी उत्तर द्यायचे, कधी नुसतं "जाऊ दे की आता" म्हणायचे.

थंडीत झाडांनी खरा जोर धरला. खालचे घोस पिकायला लागले. माझ्या हद्दीतली टंबाटी आधी लाल झाली, मग त्यांच्या. जेवताना ते ताटातल्या कोशिंबिरीकडे बोट दाखवून विचारायचे, "ही कुटली? तुझी का माझी?" सासूबाईंचा रोज संध्याकाळी फोन यायचा, म्हशींची खबर द्यायला. आता त्या आधी विचारायच्या, "किती वर गेलं?" सासरे सांगायचे, "माझ्या डोस्क्याच्या वर," आणि नंतर, "माझा हात पोचंना आता."

हात पोचेना हे खरंच होतं. त्यांना स्टुलावर चढू देणं शक्य नव्हतं आणि मी चढले तर ते खालून इतके घाबरायचे की मीच उतरायचे. शेंडे मोकळे सुटून वाऱ्यावर हेलकावे खायला लागले. तेव्हा अम्मांनी काम हातात घेतलं. खुर्ची गजांना लावून त्या बसायच्या, हात बाहेर काढून खोड हळूच सुताभोवती गुंडाळायच्या.

"अम्मा, बगलातली काढा," सासरे खालून ओरडायचे.

"बगल म्हणजे कुठला?"

"पान आन खोड, त्याच्या मदी!"

"हा काय?"

"न्हाय न्हाय, त्यो शेंडा! त्याला हात लावू नगा!" आणि माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायचे.

अम्मांची बोटं मात्र फार हलकी होती. आयुष्यभर धागा धरलेली. त्यांच्या हातून एकही शेंडा मोडला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला, सोलापूरची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, सगळ्यात उंच झाड गॅलरीच्या गजांतून आत शिरलं. अम्मांच्या घरचे सगळे यात्रेला गेले होते. मी कपडे वाळत घालत होते तेव्हा वरून अम्मांनी आम्हा दोघांना हाक मारली. त्यांच्या मांडीजवळ एक घोस आला होता आणि त्यातलं एक टंबाटं पिकलं होतं.

"तोडू?" त्यांनी विचारलं. मालकीणबाई त्या, आणि परवानगी मागत होत्या.

"तोडा की. तुमच्यापशी आलंय ते," सासरे म्हणाले.

अम्मांनी ते तोडलं, पदराला पुसलं आणि तिथेच बसून खाल्लं, मीठ न लावता. रस हनुवटीवरून ओघळला. सासरे खाली मान वर करून उभे. "कसं हाय?" त्यांनी दोनदा विचारलं.

"मंचिगुंदी," अम्मा म्हणाल्या. मग आपण तेलुगूत बोललो हे ध्यानात येऊन, "चांगला आहे अण्णा. लय चांगला." त्यांनी डोळे पुसले. त्या म्हणाल्या, वर्षभरात त्यांनी स्वतःच्या हाताने कुठून काही तोडून खाल्लं नव्हतं. सगळं ताटात आलेलं.

चार दिवसांनी त्यांच्या सुनेने टोमॅटोची पच्चडी, म्हणजे त्यांच्याकडची चटणी, करून पाठवली, लाल आणि जाळ तिखट. सासरे ज्वारीच्या भाकरीशी ती खाऊन नाक पुसत राहिले आणि तरी पुन्हा मागितली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आता हळूहळू वाकायला हरकत नाही, फक्त झटका द्यायचा नाही. मला वाटलं, घरी आल्या आल्या ते झाडांकडे जाऊन खाली हात घालतील. ते गेलेही. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले, बुडाशी माती चाचपली आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर त्यांनी वरची सगळी पिवळी पानं काढून ठेवली होती, खालची तशीच होती.

"वाकता येतंय की आता," मी म्हणाले.

"हितलं तुजं हाय," ते म्हणाले. "बस."

मी बसले.

मार्चमध्ये ऊन वाढलं. पानं वळली, फुलं गळायला लागली, फळं लिंबाएवढीच राहिली. गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही झाडं काढली. अम्मांनी वरून गाठी सोडल्या, मी खालून मुळं उपटली. नवऱ्याने सगळ्यात उंच झाड फरशीवर लांब करून टेपने मोजलं. पंधरा फूट आणि वर चार बोटं. सासऱ्यांनी टेप स्वतः हातात धरून पुन्हा मोजायला लावलं.

तोवर थोरल्या दिरांनी गावी कमोड बसवून घेतला होता. पाडवा झाल्यावर सासरे गेले. जाताना ते अम्मांना खालूनच हात जोडून म्हणाले, "येतो अम्मा." मला काही म्हणाले नाहीत. गाडीत बसल्यावर काच खाली करून एवढंच विचारलं, "शाळेला उशीर न्हाय ना हुयाचा तुला?" त्या दिवशी रविवार होता, दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या जाण्यानंतर आठवडाभर मला सकाळी सातला काय करावं तेच समजत नव्हतं. चहा घेऊन बाहेर यायची. अम्मा वरून म्हणायच्या, "अण्णा पोचला का बरा?" रोज तेच विचारायच्या, आणि मी रोज सांगायची.

त्याच वर्षी दिवाळीला आम्ही गावी गेलो. सासूबाईंनी वसुबारसेची पूजा मांडली होती, मी आत सामान काढत होते. बाहेर ओसरीवर शेजारचा शेतकरी आला होता. त्याने नदीकडच्या रानात अर्धा एकर टोमॅटो केला होता आणि झाडं आखडून गेली होती. पिशवीतून मुळासकट उपटलेलं एक झाड घेऊन तो सासऱ्यांना दाखवत होता. ओसरीवर आणखी तीन-चार पुरुष बसले होते.

"आगं, भाईर ये जरा," सासऱ्यांनी हाक मारली. आत सासूबाईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी ही हाक त्या घरात कधी ऐकलेली नव्हती.

मी बाहेर गेले. सासरे शेतकऱ्याला म्हणाले, "हिला दाखव. हिला कळतंय."

तो माणूस क्षणभर घुटमळला, मग त्याने झाड माझ्यासमोर ठेवलं. मी खाली बसले, एक पान उलटं केलं. पाठीमागे बारीक पांढऱ्या माश्या होत्या, हात लागताच उडाल्या.

"पांढरी माशी आहे," मी म्हणाले. "आखडलेली झाडं काढून लांब नेऊन पुरा, आणि बाकीच्यांची पानं अशी रोज उलटून बघा. शेंडे अजून हिरवे असतील तर ती वाचतील."

"किती दिवस बघायचं?" त्याने मलाच विचारलं.